प्रवचनातला विनोद: हसावं की खाली बघावं?

शेवटचा_बाक
गेल्या रविवारचा प्रकार. चर्चचं नाव सांगत नाही, वसई तालुक्यातलं आहे एवढं पुरे. सात वाजताची मिस्सा (आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना). नवीन फादर आलेत, तरुण आहेत, आवाज चांगला आहे. शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या चरित्राचा उतारा) वाचून झालं, लोक बसले, आणि फादरांनी थेट विनोदालाच हात घातला. नवरा-बायको स्वर्गाच्या दारात पोचतात, दारात संत पेत्र, नवरा त्याला हळूच बाजूला घेतो... पुढचा तुम्हाला व्हॉट्सॲपवर दहादा आलेला असणार. पोरं खिदळली. बायकोने रुमाल तोंडाला लावला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

माझ्या पुढच्या बाकावर एक काका बसतात. ऐंशीच्या पुढचे. धो धो पावसातही पहिली मिस्सा चुकवत नाहीत. ते मध्येच उठले, गुडघा टेकला, क्रुसाची खूण केली आणि सरळ बाहेर. प्रवचन संपून लोक विश्वासाच्या कबुलीला उभे राहिले तेव्हा परत आले. सुटल्यावर मी विचारलं, "काका, बरं वाटत नव्हतं काय?" तर म्हणाले, "कालवारीवर कोणी विनोद सांगितला होता काय रे?"

कालवारी म्हणजे येशूला क्रुसावर चढवलं ती टेकडी. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. मिस्सात हसायला जागा आहे का? असली तर कुठे? की माझं हसणंच चुकलं?

मोगऱ्याची_वाडी
काकांना दंडवत. मिस्सा हे बलिदान आहे, करमणूक नाही. घरी टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे, लग्नाच्या मंडपात माईकवाला आहे. हसायला आठवडाभर जागा पडली आहे. आठवड्यातला एक तास तरी माणसाला गप्प बसू द्या.

पॉपकॉर्न_घेऊन
पहिल्याच प्रतिसादात धागा संपला की. निघू का?

दोहा_दुपार
थांबा हो. आमच्याकडे शुक्रवारी मिस्सा असते, रविवारी कामावर जायचं असतं. इंग्रजी मिस्साला एक फादर होते, दर वेळी विनोद ठरलेला. एकदा त्यांनी विनोदाशिवाय सुरुवात केली तर लोकांना वाटलं तब्येत बिघडली. मलाही आवडायचे. पण परवा हिशोब केला: त्यांचा पोपटाचा विनोद मला शब्दन्‌शब्द आठवतो. त्या दिवशीचं शुभवर्तमान कुठलं होतं, विचारू नका.

मोगऱ्याची_वाडी
मी आणखी काय वेगळं म्हणतोय?

कुसळमुसळ
माझं नाव बघितलंत ना, मग माझा नंबर लागणारच होता.

येशू विनोदी बोलत नव्हता हे कोणी सांगितलं? कुसळ-मुसळाचा दाखला त्याचाच. माझं लहानपण भातझोडणीत गेलं. कुसळ डोळ्यात गेलं की काय होतं ते मला माहीत आहे. आजी पदराचं टोक वळून, फुंकर घालून काढायची. आणि मुसळ कोपऱ्यात उभं असायचं, माझ्यापेक्षा उंच. आता डोळ्यासमोर आणा: एक माणूस आपल्या डोळ्यात हे आख्खं मुसळ घेऊन दुसऱ्याकडे जातोय, "दादा, थांब, तुझ्या डोळ्यातलं कुसळ काढतो". जवळ गेला की मुसळ त्याच्या कपाळावर आपटणार! मूळ ग्रीकमध्ये कस्पट आणि घराचा वासा आहे, म्हणजे चित्र आणखी अचाट. गालिलीतले शेतकरी हे ऐकून गंभीर चेहऱ्याने बसले असतील असं मला वाटत नाही.

सुईच्या नाकातून उंट. छातीवर पैशाची थैली धरून उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार (थैली माझी, शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने फक्त झाड दिलंय). सगळा माल तिथेच पडलाय. आणि आपण तो कसा वाचतो? मयताची वर्दी दिल्यासारखा. मी स्वतः चर्चमध्ये बायबलवाचन करतो, माझ्यासकट बोलतोय.

म्हणून मला पेत्र-नवरा-बायको आवडत नाही. विनोद वचनातून उगवत असेल तर तो काढून दाखवा. बाजारातून आणून वर चिकटवू नका.

झोपाळू_युतुख
अनुमोदन. आणि माझ्या नावाच्या पोराला विसरू नका. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. त्रोवास गावी प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं, पोरगं खिडकीत बसलं होतं, डुलकी लागली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. लोकांनी मेलेला म्हणून उचलला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, जिवंत आहे म्हणाला, वर आला, भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिला!! लांबलचक प्रवचन देणाऱ्या प्रत्येक फादरांनी हा उतारा वर्षातून एकदा आरशासमोर वाचावा.

दोहा_दुपार
आमच्या फादरांना खिडकीच नाही, एसी हॉल आहे.

वेदीची_घंटा
थोडं नियमाचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे, मध्यंतर नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या 'एव्हांजेली गाउदियुम' या पत्रात प्रवचनावर पानंच्या पानं लिहिली आहेत. प्रवचन म्हणजे मनोरंजनाचा कार्यक्रम नव्हे, ते आटोपशीर असावं, त्याला व्याख्यानाचं रूप येऊ नये, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे मोगरावाल्यांची बाजू भक्कम. पण त्याच पत्रात सुरुवातीला असंही आहे की सुवार्ता सांगणाऱ्याचा चेहरा नुकताच दफनविधीवरून आल्यासारखा नसावा. आणि जून २०२४ मध्ये त्यांनी जाहीर सभेत सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, लोक झोपतात.

त्याच आठवड्यात, १४ जूनला, त्यांनी जगभरातल्या शंभराहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावलं होतं. आपल्या माणसांची आपण थट्टा करतो तशी देवाचीही प्रेमाने करता येते, भाविकांच्या भावना मात्र दुखवू नका, अशा अर्थाचं बोलले. इंग्लंडचे संत थॉमस मोर यांच्या नावावर असलेली विनोदबुद्धीसाठीची प्रार्थना ते रोज म्हणत.

पण हे सगळं सभागृहातलं. वेदीवरचं नाही. हा फरक इथे कोणी करत नाहीये.

पानवेल_पापडी
आठ मिनिटं! आमच्याकडे आठ मिनिटांत प्रस्तावना होते.

मी_नर्स
मी एरवी वाचनमात्र असते. आज लिहिते.

रात्रपाळी सात वाजता सुटते. हँडओव्हर देऊन, रिक्षा पकडून साडेसातच्या मिस्साला पोचेपर्यंत पहिलं वाचन कधीच सुरू झालेलं असतं. एकदा तर थेट प्रवचनाच्या मध्यात पोचले. युनिफॉर्मवर ओढणी घेतलेली, चप्पल हातात, आवाज होऊ नये म्हणून. फादर थांबले आणि माईकमधून म्हणाले, "या, या, नवरी आली, आता लग्न लावू या." आख्खं चर्च मागे वळून हसलं.

त्या रात्री माझ्या वॉर्डात दोन जण गेले होते.

पुढचे सहा-सात महिने मी त्या मिस्साला गेले नाही, दुसऱ्या गावात जायचे. फादर वाईट नव्हते, त्यांना माहीत नव्हतं. पण व्यासपीठावरच्या माणसाच्या हातात माईक असतो आणि आमच्या हातात चप्पल. उत्तर देता येत नाही. एवढंच सांगायचं होतं.

शेवटचा_बाक
ताई, वाचून गप्प झालो. शेवटच्या बाकावर बसतो म्हणून माझ्यावरही असे शेरे झालेत, पण मी उशिरा येतो तो आळसाने. तुमचं वेगळं आहे.

चूल_आणि_चर्च
आता मीही बोलून घेते. धाग्याच्या सुरुवातीचा तो विनोद परत वाचा. नवऱ्याला स्वर्गातही तीच बायको नको असते, बरोबर ना? माझ्या आठवणीत वेदीवरून ऐकलेल्या विनोदांत बायको कटकटी, सासू खाष्ट, बाई गाडी चालवते ती ठोकते. ज्यांना बायको नाही त्यांनी बायकोवर विनोद सांगायचा, ज्यांना आहे त्यांनी हसायचं, आणि जिच्यावर सांगितला तिने घरी जाऊन रविवारचं मटण शिजवायचं. कालवारीचं मला माहीत नाही, पण क्रुसाखाली शेवटपर्यंत बहुतेक बायकाच उभ्या होत्या. त्यांच्यावर काय विनोद सुचतो बघा.

कुसळमुसळ
दंडवत.

पॉपकॉर्न_घेऊन
रुमाल तोंडाला लावलेल्या वहिनी हसत होत्या की दात खात होत्या, हे धागाकर्त्याने घरी विचारावं. हलके घ्या.

शेवटचा_बाक
विचारलं. दात खात होत्या.

नगरी_नाना
आम्ही श्रीरामपूरकडचे, हरेगावच्या मतमाउलीच्या (येशूची आई मारिया) यात्रेचे. तुमचं वसईचं चर्च शिस्तीचं, आमच्याकडे भजनं, टाळ, पेटी. माझे आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे. ना. वा. टिळकांनी कीर्तन ख्रिस्ती मंडळींत रुजवलं, ते प्रोटेस्टंट, पण वारा काही कुंपण बघून वाहत नाही. आजोबा उधळ्या पुत्राचं आख्यान लावायचे. पोरगा डुकरांच्या शेंगा खायला बघतो तिथे ते स्वतः उकिडवे बसून डुकराशी भांडायचे, "एक तरी दे की रे!" लोक हसून लोळायचे. पुढच्याच ओवीला बाप लांबून लेकराला बघून धावत सुटायचा आणि तेच लोक डोळे पुसायचे. हसल्यामुळे माणूस सैल झालेला असतो, मग वचन आत जातं. मला तर यात पाप दिसत नाही.

वेदीची_घंटा
नाना, सुंदर. पण कीर्तन अंगणात, मिस्सा वेदीवर. दोन्ही चांगली, जागा वेगळ्या.

आळंदी_लोकल
मी ख्रिस्ती नाही, धागा वर आला म्हणून वाचतोय. आमच्याकडे हेच भांडण हुबेहूब चालू आहे. कीर्तनकार की विनोदवीर? यूट्यूबवर सूनबाई आणि मोबाईल यांच्यावरचे तुकडे फिरतात, अभंग कोणता घेतला होता ते कापलेलं असतं. जुनी माणसं म्हणतात नाथांनी भारुडात हसवलं की. हो, पण नाथ हसवता हसवता पाय घसरवून थेट परमार्थात पाडायचे. हे लोक हसवून तिथेच सोडून देतात. चप्पल हातात घेतलेल्या ताईंचा प्रतिसाद मात्र कीर्तनकारांनाही वाचायला द्यायला हवा.

इतिहासाचा_किडा
आलो. उशीर झाला, पण माईकवर कोणी काही बोलू नका.

हे भांडण निदान सोळाशे वर्षांचं आहे. संत जॉन ख्रिसोस्तोम म्हणून गेले की ख्रिस्त रडल्याचं शुभवर्तमानात आहे, हसल्याचं कुठेच नाही. संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत साधूने चटकन हसू नये हे नम्रतेच्या पायऱ्यांत धरलंय. म्हणजे काका एकटे नाहीत.

दुसरी बाजू तेराव्या शतकातले धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांची. शरीराला जशी विश्रांती तशी मनाला गंमत लागते, धनुष्याची दोरी कायम ताणून ठेवली तर धनुष्य मोडतं, हा जुना दाखला ते देतात. पुढे जाऊन म्हणतात, जो कधीच हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावरही विरजण घालतो त्याच्यातही दोष आहे. सोळाव्या शतकातले संत फिलिप नेरी तर अर्धीच दाढी काढून रोममध्ये हिंडायचे, लोकांनी आपल्याला फार पवित्र समजू नये म्हणून.

आता खरी मजा. जर्मनीतल्या बव्हेरियाकडे मध्ययुगाच्या अखेरीस 'ईस्टरचं हसू' अशी रीतच होती. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपला, ख्रिस्त उठला, मरणाची फजिती झाली, म्हणून ईस्टरच्या प्रवचनात धर्मगुरूने लोकांना हसवायचंच. १५१८ मध्ये बाझलच्या योहान्नेस ओकोलाम्पादियुस याने यावर तक्रारीचं पत्र छापलं. त्यात कोण व्यासपीठावरून कुकू पक्ष्यासारखं ओरडतो, कोण संत पेत्राने खाणावळवाल्याला बिलात कसं गंडवलं त्याच्या गोष्टी सांगतो, असलं सगळं आहे. पुढे ही रीत मोडीत निघाली.

पानवेल_पापडी
म्हणजे संत पेत्र पाचशे वर्षं विनोदखात्यात कामाला आहे! पेन्शन लागू करा.

मोगऱ्याची_वाडी
आणि पाचशे वर्षांपूर्वीही शहाणी माणसं तक्रारच करत होती. आभारी आहे.

इतिहासाचा_किडा
ओकोलाम्पादियुस पुढे प्रोटेस्टंट सुधारक झाला, दादा. तुम्ही तेवढं करू नका.

सारेचा_तंबू
बायबलमधल्या इसहाक नावाचा अर्थच 'तो हसतो'. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून त्याची आई सारा तंबूच्या दारामागे हसली. देवाने विचारलं तर म्हणाली, मी नाही हसले. देव म्हणाला, नाही, हसलीस. विषय संपला. शिक्षा नाही, मूल दिलं.

धुपाटणं
ठरवून केलेल्या विनोदावर एवढं बोललात, न ठरवलेल्याचं काय? मी सहा वर्षं वेदीसेवक होतो. फादरांच्या कॉलरचा माईक सॅक्रिस्तीतच (वेदीमागची तयारीची खोली) चालू राहिला आणि बाहेर उपवासकाळातल्या शांततेत चारशे लोकांनी त्यांना सिनेमातलं गाणं गुणगुणताना ऐकलं. सुरात होते, हे विशेष. मग ते जांभळा झगा घालून बाहेर आले आणि म्हणाले, "आपण आपली पापे आठवू या." आता यावर न हसणारा संत मला दाखवा.

दोहा_दुपार
कन्फेशनच्या वेळी चालू राहिला नाही, हे देवाचे उपकार.

आजोळ_उत्तन
आमची आजी लॅटिनच्या काळातली. मे महिन्यात क्रुसापुढे लितानी चालायची. एकेका संताचं नाव घेतलं की सगळ्यांनी 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं. अर्थ कोणाला माहीत नव्हता, आम्हा पोरांना वाटायचं की 'ओरडा' म्हणतायत. त्यामुळे आम्ही जीव तोडून ओरडायचो, "ओरडाऽऽ प्रो नोबिस!" आजी एका हाताने माळ ओढायची, दुसऱ्या हाताने चिमटा काढायची, आणि स्वतःचं पोट गदगदा हलत असायचं.

व्हायोलिनवाल्याची_लेक
मी शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण आता लिहितेच.

दादा (माझे वडील) चाळीस वर्षं चर्चच्या गायकवृंदात व्हायोलिन वाजवत. एकच खोड: ताल पुढे पळायचा. लोक तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर असताना दादांचं गीत संपलेलं असे, मग ते धनुकली मांडीवर ठेवून बाकीच्यांची वाट बघत. मास्तर चिडायचे. दादा म्हणायचे, तुम्ही हळू आहात.

दादा अचानक गेले. आईच्या डोळ्यातून दोन दिवस थेंब आला नव्हता. जेवण नाही, बोलणं नाही, नुसती पेटीकडे बघत बसलेली. मरणविधीच्या मिस्साला फादर उभे राहिले, वेदीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेल्या व्हायोलिनकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा नेहमी गीत आपल्या सगळ्यांच्या आधी संपवायचे. आजही तेच केलं."

क्षणभर कोणी श्वास घेतला नाही. मग गायकवृंदातून हसू फुटलं, मग सगळीकडून. आईसुद्धा हसली, मोठ्याने, आणि हसता हसता तिचा बांध फुटला.

वेदीची_घंटा
ताई, मनापासून सांत्वन. नुसती माहिती म्हणून, वाद म्हणून नाही: मरणविधीच्या मिस्सात प्रवचनाऐवजी मृताचं गुणगान करू नये असा नियम आहे.

व्हायोलिनवाल्याची_लेक
असेल. नियम मला माहीत नाही. आई त्या दिवशी घरी येऊन दोन घास जेवली.

वेदीची_घंटा
आणि ते गुणगान नव्हतंच म्हणा. खोड सांगितली.

कुसळमुसळ
घंटादादा, तुमच्यावर जीव जडायला लागलाय.

मोगऱ्याची_वाडी
ताईंच्या फादरांनी केलं ते मला चाललं असतं. का चाललं असतं ते नीट सांगता येत नाही. त्यांनी तो विनोद कुठून आणला नव्हता, दादांना चाळीस वर्षं ऐकलं होतं, म्हणून असेल. पण त्यावरून दर रविवारी हसवायचा परवाना द्या म्हणाल तर नाही. असं वाक्य एखाद्याला आयुष्यात एकदा सापडतं. बाकीच्या रविवारी फादर लोक ते शोधायला व्हॉट्सॲपवर जातात.

मी_नर्स
मोगरादादा, याला माझंही अनुमोदन. फादरांनी मला चाळीस वर्षं सोडा, चाळीस मिनिटं ओळखलं असतं तरी पुरलं असतं.

शेवटचा_बाक
मंडळी, एक कबुलीजबाब द्यायचाय.

आज सकाळी काका बाजारात भेटले, वांगी निवडत होते. तुम्ही सगळ्यांनी काय काय लिहिलंय ते उभ्या उभ्या सांगितलं. म्हटलं, काका, तुमच्या त्या एका वाक्यावर ख्रिसोस्तोमपासून दोह्यापर्यंत चर्चा झाली. काका वांगं खाली ठेवून बघतच राहिले. म्हणाले, "अरे, मला डायबेटिस आहे. पहिल्या मिस्साला चहा पिऊन येतो. मध्ये जायचं तर प्रवचनातच जाता येतं. दर रविवारी जातो, तुझं लक्ष त्याच दिवशी गेलं."

मी म्हटलं, मग ते कालवारीचं? तर म्हणाले, "बाहेर होतो, आतून हसण्याचा आवाज आला, आणि तू मला नको तो प्रश्न विचारलास. काहीतरी बोलायला नको? विनोद मी ऐकलाच नाही. काय होता?"

सांगितला. हसले नाहीत. म्हणाले, "हा जुना. लॅटिनच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये असली तरी प्रवचन आपल्याच भाषेत असे, तेव्हा एक म्हातारे फादर हाच सांगायचे. फक्त त्यात बायको नव्हती, सासू होती. तो चांगला होता."

पॉपकॉर्न_घेऊन
धागा अमर.

चूल_आणि_चर्च
सासू! म्हणजे साठ वर्षांत आमची प्रगती एवढीच.

पानवेल_पापडी
सांगा ना मग सासूवाला.

वेदीची_घंटा
इथे वेदी नाही. सांगायला हरकत नसावी.

मोगऱ्याची_वाडी
माझा विरोध कायम आहे, नोंद असू द्या. सासूवाला कधी टाकताय?